वक्तृत्व-वादविवादाच्या पोरांसाठी घेतलेला डिजिटल टायमर आणि टेबलावरची घंटी, वापरून सांगते

आधीच सांगते, हा किचन टायमर आहे. खोक्यावर कुकरचं आणि केकचं चित्र आहे आणि मी तो घेतलाय हायस्कूलच्या वक्तृत्व आणि वादविवादाच्या पोरांसाठी. त्यामुळे ज्यांना अंडी उकडायला टायमर पाहिजे त्यांना ह्या रिव्ह्यूचा फारसा उपयोग नाही, खरं शाळेत, क्लासमध्ये नाहीतर मंडळाच्या स्पर्धेत ज्यांच्या गळ्यात कायम घंटा वाजवायचं काम पडतं त्यांनी वाचा. ब्रँड असा काही नाहीच, खोक्यावर नुसतं डिजिटल टायमर लिहिलंय आणि असला माल सगळीकडे मिळतो. बेळगावात खडेबाजारात भांड्यांच्या दुकानात मिळाला, दोनशे चाळीस रुपये, आणि घंटी, म्हणजे लॉजच्या काउंटरवर असते तसली वरून टपली मारायची स्टीलची, ती स्टेशनरीच्या दुकानातून दीडशेला. दोन्ही मिळून चारशेच्या आत. शाळेकडे मागितले नाहीत, मागितले असते तर अर्ज, ठराव, बिलाची झेरॉक्स ह्यातच वर्ष गेलं असतं.

मी खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलात समाजविज्ञान शिकवते, आणि शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीतली थोडी पोरं घेऊन बसते. प्रतिभा कारंजी म्हणजे आमच्या कर्नाटक सरकारच्या शालेय कलागुणांच्या स्पर्धा, शिवजयंतीच्या स्पर्धा, गणपतीतल्या स्पर्धा, कुठे कुठे आंतरशालेय वादविवाद, जे असेल ते. बसची वेळ सांभाळून एक तास मिळतो, त्यात सगळ्यांना उभं करायचं असतं. आता ह्या एका तासात घड्याळ किती महत्त्वाचं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

आधी मोबाईलवर लावायचो. ते का सोडलं ते सांगते. एक तर मोबाईलवर टाइम लावला की स्क्रीन बंद होते, ती बंद होऊ नये म्हणून सेटिंग करा, मग बॅटरी जाते. दुसरं, पोरगं बरोबर रंगात आलेलं असतं आणि तेवढ्यात लोनवाल्याचा फोन. आणि तिसरं म्हणजे, आम्हीच शाळेत मोबाईल आणू नका म्हणून प्रार्थनेनंतर रोज ओरडायचं आणि संध्याकाळी त्याच पोरांच्या हातात माझा मोबाईल द्यायचा, हे काही पटत नव्हतं. मोबाईलच्या आधी स्टीलचा पेला आणि पेन. ते तर आपल्याकडे सगळ्या स्पर्धांत असतंच, परीक्षक पेल्यावर पेन आपटतात आणि पेल्यात पाणी भरलेलं असलं की आवाज येतो डब डब, बोलणाऱ्याला काही ऐकू जात नाही. आमच्या पी.टी. सरांचं स्टॉपवॉच पण वापरून बघितलं, ते फक्त पुढे मोजतं, उलटं मोजत नाही, आणि खेळाचे दिवस आले की ते मैदानावरून परत येत नाही.

तर हा टायमर. तळहाताएवढा, पांढरा. आकडे मोठे, बाकावर ठेवला तर चार पावलांवरून दिसतो, त्यापलीकडून नाही. मागे लोहचुंबक आहे, तो लोखंडी कपाटाला फटदिशी चिकटतो, आणि खाली दुमडायचा स्टँड. एक ट्रिपल ए सेल लागतो, तो खोक्यात येत नाही, वेगळा घ्या. तीनच बटनं, मिनिटाचं, सेकंदाचं आणि सुरू-बंदचं, पहिली दोन एकदम दाबली की शून्यावर येतो. ९९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंत लावता येतो. उलटा पण मोजतो आणि शून्यावरून सुरू केला तर पुढे पण मोजतो. शिकायला काही नाही, आठवीच्या पोराने माझ्या हातातून घेऊन मलाच दाखवला.

सगळ्यात मोठी कमी पहिल्यांदा लिहिते म्हणजे घेणाऱ्याला कळेल. ह्याला वॉर्निंगचा आवाज नाही. आपल्याकडे चार मिनिटांचं भाषण असलं की तीन मिनिटांना एक घंटा आणि चारला दोन, हा नेम. हा टायमर फक्त शून्यावर आल्यावर पीप पीप करतो, मधे गप्प. म्हणजे एकट्या टायमरवर भागत नाही, कुणीतरी समोर बसून आकड्यांकडे बघत घंटी मारावी लागते. म्हणूनच घंटी घेतली. दुसरं असं की ह्याचा आवाज बारीक आहे. आमच्या शाळेच्या त्या खोलीवर पत्रे आहेत आणि खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको, जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माझा आवाज मला ऐकू येत नाही तर ह्याची पीप कुठून येणार. घंटीची टिंग मात्र पावसातून पण आरपार जाते. तर ह्या दोन वस्तू एकत्रच घ्या, एक घेऊन उपयोग नाही.

आता गंमत अशी की ह्या वॉर्निंग नसण्याचाच आम्हाला फायदा झाला. कुणीतरी बसायला पाहिजे ना आकड्यांकडे बघत. त्या कामाला मी नववीतली एक पोरगी बसवली. ती पोरगी कशाला यायची हेच मला कळत नव्हतं, तिची मैत्रीण यायची म्हणून ती यायची, उभं केलं की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहायची आणि तोंडातून शब्द नाही. म्हटलं बस, घंटी मार. तर ती बसली. आणि टाइमकीपरला काय करावं लागतं बघा, त्याला प्रत्येकाचं प्रत्येक भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. बाकीची पोरं आपली पाळी येईपर्यंत आपला कागद घोकत बसतात, समोरचा काय बोलतोय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ही मात्र ऐकत होती. थोड्या दिवसांनी बघितलं तर वहीच्या मागच्या पानावर तिने लिहून ठेवलेलं, कोण किती सेकंद कशावर बोलला. मी सांगितलं नव्हतं.

ती वही मी वाचली आणि मला हसू आवरेना. दहावीतल्या आमच्या सगळ्यात भारी वक्त्याच्या नावापुढे लिहिलेलं, नमस्कार ४२ सेकंद. म्हणजे सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान अध्यक्ष महोदय, परीक्षक, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू आणि भगिनींनो, मग आज मी आपणासमोर जो विषय मांडणार आहे तो आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावा ही नम्र विनंती, मग एक संस्कृत सुभाषित, ह्या सगळ्यात ४२ सेकंद. चार मिनिटांतले ४२! विषय अजून सुरूच नाही. त्याच्या पुढे तिने लिहिलेलं, मुद्दा पहिला १ मिनिट ५०, मुद्दा दुसरा २० सेकंद, मुद्दा तिसरा नाही. मी इतकी वर्षं पोरांना सांगते की सुरुवात आटोपशीर करा, मुद्दे वाटून घ्या, कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते पान त्या पोराला दाखवलं आणि पुढच्या वेळी तो नमस्कार, विषयाच्या विरोधात बोलतोय, पहिला मुद्दा, असा थेट सुरू झाला. आमच्या एका ज्येष्ठ सरांना ते आवडलं नाही, म्हणाले गुरुजनवर्ग म्हणायला काय जातं. काय जातं ते आता वहीत लिहिलेलं आहे, त्यामुळे मी काही बोलले नाही.

टायमर कुणाकडे तोंड करून ठेवायचा हा पण एक विषय आहे, घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बोलणाऱ्याकडे तोंड करून ठेवला की पोरं आकड्यांकडे बघून बोलतात, श्रोत्यांकडे बघतच नाहीत, आणि शेवटच्या तीस सेकंदांत घाबरून गाडी अशी पळवतात की शेवटची दोन वाक्यं एकात एक. म्हणून सरावाला पहिले काही दिवस समोर ठेवा, मग फिरवून टाइमकीपरकडे. आमच्या पोरांना आता हाताने लिहिलेलं फुलस्केपचं एक पान म्हणजे दोन-अडीच मिनिटं हे अंगवळणी पडलंय, दोन पानांच्या वर लिहूनच आणत नाहीत.

एक बटन मात्र मला फार आवडलं, सुरू-बंदचं. थांबवलं की आहे तिथे थांबतो आणि परत दाबलं की तिथूनच पुढे चालू. ह्यात काय विशेष असं वाटेल. अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांचा वादविवादाचा एक प्रकार आहे, लिंकन-डग्लस म्हणतात, एकास एक, आणि त्यात प्रत्येकाला पूर्ण सामन्यात तयारीसाठी एकूण चारच मिनिटं असतात, ती कधी किती खर्च करायची ते त्या पोराने ठरवायचं. पहिल्या भाषणानंतर एक मिनिट घेतलं, उरली तीन. ते मी आमच्यात आणलं. पोरगं हात वर करून म्हणतं तयारी, घंटीवाली टायमर चालू करते, झालं म्हणालं की बंद, उरलेला वेळ तसाच ठेवायचा. पोरं चार मिनिटं अशी वापरतात ना, आठवड्याच्या शेवटी उरलेल्या पैशासारखी, शेवटचं मिनिट कुणी सोडायलाच तयार नसतं. त्या प्रकारात भाषणं पण सारखी नसतात बघा, बाजूने बोलणाऱ्याला सहा, चार आणि तीन मिनिटं, विरोधकाला सात आणि सहा, बेरीज दोघांची तेराच. आणि मधे तीन-तीन मिनिटं उलटतपासणी. हे फळ्यावर मांडलं तर आमच्या एका पोराने पाच मिनिटांत बेरीज करून विचारलं, टीचर ओ, मग विरोधात बोलणाऱ्याला दोनदाच बोलायला मिळतंय की ओ, हे कसं बरोबर? असले प्रश्न मला पाहिजेतच.

मूळ लिंकन आणि डग्लस, अमेरिकेतले दोन पुढारी, १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये सात ठिकाणी वाद घालत फिरले, तेव्हा पहिला एक तास बोलायचा, दुसरा दीड तास, आणि मग पहिल्याला परत अर्धा तास. हे सांगितल्यावर वर्गात शांतता आणि मग मागून एकजण, टीचर, पाणी कवा प्यायचे ओ ते? आमच्या टायमरवर तो दीड तास पण बसतो, ९९ मिनिटं आहेत ना. लावून बघितला नाही, बस चुकेल.

वर्ल्ड स्कूल्स म्हणून दुसरा प्रकार आहे, तीन-तीन जणांचे संघ, आठ मिनिटांचं भाषण, पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचा उभा राहून प्रश्न टाकू शकतो, घ्यायचा की खाली बस म्हणायचं ते बोलणाऱ्याच्या हातात. आम्ही ते चार मिनिटांत केलंय, पहिलं अर्धं आणि शेवटचं अर्धं मिनिट बंद. ह्याला हा टायमर साफ कमी पडतो कारण मधे दोनदा खूण द्यायची असते, ती घंटीवालीने डोळ्यात तेल घालून द्यावी लागते. दोन टायमर घेतले तर सोपं पडेल. मी एकच घेतलाय.

आता जरा लांबण लावते, खरं ह्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

आमच्याकडे एकदा सरावाला विषय घेतला कळसा-भांडुरा, म्हणजे गोव्यात जाणाऱ्या म्हादई नदीच्या ह्या दोन नाल्यांचं पाणी आमच्या मलप्रभेत वळवायची योजना. इथल्या पोरांना तो पुस्तकातला विषय नाही, मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, आमची काही पोरं जांबोटीकडून बसने येतात, कळसा नाला कुठला ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. विषय साधा ठेवला, म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवावं. बाजू नाणं उडवून ठरवायची हा आमचा नियम, आवडीची बाजू मागायची नाही. तर नेमकं जांबोटीकडच्या पोरावर आलं बाजूने बोलायचं. त्याचं तोंड पडलं. घरी सगळे विरोधातले, जंगल जाईल, आमच्या नाल्याचं पाणी जाईल, आणि त्याने उभं राहून हुबळी-धारवाडच्या लोकांना प्यायला पाणी नको काय म्हणायचं. म्हणाला टीचर मला दुसरी बाजू द्या. दिली नाही. विरोधात होता आमचा तो ४२ सेकंदवाला.

४२ सेकंदवाल्याने झकास सुरुवात केली, आवाज त्याचा मुळातच पहाडी. म्हणाला म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी दिलंय, एवढं सगळं पाणी उचलून मलप्रभेत घातल्यावर म्हादईत राहणार काय, गोव्याने प्यायचं काय! पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाजूने बोलणारा पोरगा उभा राहिला, त्याच्याकडे प्यायच्या पाण्याचा मुद्दा चांगला होता, शेतकऱ्यांचा मुद्दा होता, खरं त्या आकड्याला त्याने हातच लावला नाही. त्याला तो खोडता येतो हेच सुचलं नाही. वेळ संपली. टिंग टिंग.

आणि मग घंटीवाली म्हणाली, टीचर, मी एक बोलू काय?

मी बोल म्हणायच्या आधीच तिने वही उघडली. लवादाचे आकडे मी आदल्या दिवशी फळ्यावर लिहिले होते, बाकीच्यांनी १३.४२ तेवढा लिहून घेतला, हिने खालचे पण. बसल्या जागेवरून, उभी पण नाही राहिली, हळू आवाजात म्हणाली, तेरातलं ८.०२ हे वीज करायला आहे, ते पाणी परत नदीतच येणार. दीड तिथल्या तिथं वापरायला आहे. मलप्रभेत वळवायचं आहे ते फक्त ३.९, कळसाचं १.७२ आणि भांडुराचं २.१८. मग ४२ सेकंदवाल्याकडे बघून, तू तेराचं बोलूलास, खरं वळवायचं चारच आहे. आणि लगेच बाजूने बोलणाऱ्याकडे वळून, आणि तू पण हे सांगायला पाहिजे होतंस, तुझ्याच फायद्याचं होतं. एवढं बोलून तिने टायमर शून्यावर आणला.

किती वेळ बोलली ते कुणी मोजलं नाही कारण मोजणारी तीच. पण त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं की आज काय झालं. ४२ सेकंदवाल्याचा कान लाल झालेला. त्याचं मला कौतुक वाटतं, तो चिडला नाही, म्हणाला परत घेऊया, मी आता ३.९ धरून विरोध करतो. आणि केला! म्हणाला ३.९ असो नाहीतर तेरा, उन्हाळ्यात नाल्यात पाणी किती असतं ते सांगा, वर्षाची सरासरी सांगू नका. आता ह्याला म्हणतात वाद. ओरडणं नाही, समोरच्याचा खरा आकडा मान्य करून त्याच्यापुढे जाणं. हा वाद लवादात वर्षानुवर्षं चालला, सुप्रीम कोर्टात गेला, टीव्हीवर मोठी माणसं अजून तेराच्या आकड्यावरच भांडतात, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत नववी-दहावीची पोरं चारवर आली. जांबोटीचं पोरगं नंतर बसस्टँडवर मला म्हणालं, टीचर, घरात सांगितलो मी हे, तर बाबा म्हणतात तू कुणाच्या बाजूचा? मी विचारलं मग तू काय म्हणालास? म्हणालं, आज बाजूने होतो, उद्या नाणं पडंल तसं.

लोक मला विचारतात, आमच्या स्टाफरूममध्ये तर उघडच विचारतात, तुम्हाला ह्यातून काय मिळतं हो. जादा पगार नाही, बढतीला धरत नाहीत, दहावीच्या निकालात ह्याचे मार्क नाहीत, उलट कुणाचं गणित कच्चं राहिलं की वक्तृत्वावर ढकलतात. ढाल मिळाली तर फोटोत मुख्याध्यापक मधे. आता हे मिळतं ते कसं सांगायचं. ढाली मिळाल्या नाहीत असं नाही, खरं ढाल ही वर्षाने परत द्यायची असते, फिरती, कपाटावरची धूळ पुसायचं काम मात्र आमचं. मला मिळतं ते त्या वहीतलं पान. मला मिळतं ते म्हणजे एक पालक दूध डेअरीच्या दारात गाठून तक्रार करतात, टीचर, पोरगी आता घरात उलटं बोलूलीया. काय बोलते विचारलं तर म्हणाले, मी म्हटलो दहावी झाली की बास, कॉलेज नको, तर पोरगी म्हणते बाबा तुमची कारणं दोन आहेत, पहिलं बसचा खर्च, दुसरं काळजी, पहिल्याचं उत्तर देते, दुसरं काळजीचं आहे ते आई आल्यावर बोलूया. ते तक्रार करत होते खरं ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि पास काढायला किती लागतात ते त्यांनी मलाच विचारलं. असलं मिळतं. ह्याची बिलं लावता येत नाहीत.

घंटीवाली पुढे स्पर्धेत बोलली का, तर बोलली. बक्षीस नाही आलं, उत्तेजनार्थ पण नाही. आवाज अजून लहान आहे, पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. खंडनाला मात्र तिला आमच्या संघात तोड नाही, आणि आता नियमच केलाय, नवीन येणाऱ्याने आधी थोडे दिवस टायमर धरायचा, मग बोलायचं. पोरं कुरकुरतात. बोलायला आलो आणि बसवून ठेवताय म्हणतात. असूदे.

एका स्पर्धेत, कुणाची ते लिहीत नाही, घंटा वाजवायला बसलेला माणूस चहा प्यायला उठून गेला आणि एका पोराला सहा-सात मिनिटं मिळाली, आमच्या पोरीला बरोबर चारला टिंग. तिथे मी टायमर बाहेर काढला नाही, भांडण करून उपयोग नसतो, पुढच्या वेळी आधीच जाऊन संयोजकांना म्हटलं टायमर आणि घंटी आमची वापरा, आमची एक पोरगी पण देते वाजवायला, तिला बोलायचं नाहीये आज. त्यांनी आनंदाने घेतलं, त्यांना पण ते काम कुणाच्या तरी गळ्यात मारायचंच होतं. त्या दिवशी सगळ्यांना सारखा वेळ मिळाला, आम्ही हरलो, खरं मनाला लागलं नाही. उचगाव, कडोली, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरवणाऱ्या मंडळींना पण सुचवावंसं वाटतं, चारशे रुपयांत काम होतं, मोठ्या वक्त्यांसाठी तर घंटीची गरज पोरांपेक्षा जास्त आहे, जाणकारांना कळेलच.

टिकाऊपणाचं सांगते. टायमर एकदा फरशीवर पडला, सेलचं झाकण तुटलं, आता रबरबँडने बांधलाय, चालतोय. लोहचुंबक निघायला आलाय, डिंकाने चिकटवलाय तो. बटन दाबलं की प्रत्येक वेळी पीप होते, ती बंद करायची सोय नाही, स्पर्धेत टाइम लावताना पीप पीप पीप होतं आणि परीक्षक वर बघतात, म्हणून वेळ आधीच लावून ठेवा, शेवटचा आकडा त्याच्या लक्षात राहतो, संपल्यावर सुरूचं बटन दाबलं की परत तेवढ्यावरच येतो, हे चांगलं आहे. सेल पावसाळ्यात सुरू केलेला दिवाळीपर्यंत सहज गेला. वापर नसताना सेल काढून ठेवा, आमच्याकडच्या दमट हवेत आतली पट्टी हिरवी पडते. घंटीच्या खालच्या पत्र्याला पहिल्याच पावसाळ्यात गंज आला, वरची वाटी अजून लखलखीत. घंटी पोरांपासून लांब ठेवा एवढंच सांगते, मधल्या सुट्टीत तिच्यावर टपली मारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, पी.टी. सर पण नाही.

ऑनलाइन मोठ्या लाल आकड्यांचे भिंतीवरचे टायमर बघितले, मागच्या बाकापर्यंत दिसतील, खरं हजारांच्या घरात जातात आणि त्यांना प्लग लागतो, आमच्याकडे संध्याकाळी लाइट असेलच असं नाही. ज्यांच्याकडे हॉल आहे, इन्व्हर्टर आहे त्यांनी ते घ्यावेत.

टायमरला पाचात साडेतीन, घंटीला चार. टायमरचा अर्धा मार्क त्या वॉर्निंगसाठी कापला असता, कापत नाही, वर सांगितलंच कशासाठी ते. आवाज आणि झाकण ह्यांचे मात्र कापलेत.

निपाणी-चिकोडीकडे किंवा कोल्हापुरात कुणाला असा टायमर दिसला की ज्याला दोन वेगवेगळ्या वेळा लावता येतात आणि सेलवर चालतो, तर दुकान आणि किंमत कळवा. प्रतिभा कारंजीच्या आधी दुसरा घ्यायचाय, एक पोरांना घरी न्यायला देणार आहे, पाळीपाळीने.